मेलेल्यांसाठी प्रार्थना कशाला? कॅथलिकांचे शुद्धीस्थान, प्रोटेस्टंट सोयऱ्यांसाठी

२ नोव्हेंबर जवळ आला की कॅथलिक घरांमध्ये मृतांच्या नावांची यादी निघते. आजी, आजोबा, अकाली गेलेला काका, कुणाचे तान्हे मूल. ती नावे चर्चमध्ये दिली जातात, मिस्सेत, म्हणजे कॅथलिक उपासनेत, त्यांच्यासाठी प्रार्थना होते आणि संध्याकाळी सगळे कबरस्तानात जमतात. कबरींवर फुले आणि मेणबत्त्या प्रोटेस्टंट घरेही ठेवतात. फरक प्रार्थनेपाशी पडतो.

नाशिकमध्ये हा फरक पुस्तकातला राहत नाही, कारण इथे सोयरीकच दोन्हीकडची असते. माझे माहेर कॅथलिक. सासर शरणपूरचे, म्हणजे एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेल्या ख्रिस्ती वस्तीतले, आणि आता चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे. सासरे दरवर्षी एकच प्रश्न विचारतात आणि तो बिनतोड आहे: "सूनबाई, माणूस विश्वासात गेला असेल तर तो प्रभूजवळ पोहोचला. नसेल गेला तर तुमच्या प्रार्थनेने तो पोहोचणार नाही. मग प्रार्थना कुणासाठी?"

एप्रिल २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस गेले आणि रोममध्ये नऊ दिवस त्यांच्या आत्म्यासाठी मिस्सा झाल्या, तेव्हा या प्रश्नाला नवी धार आली. पोपचीच खात्री नाही, तर बाकीच्यांचे काय, असे आमच्या कौटुंबिक व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी लिहिले. तिथे उत्तर द्यायला जागा नव्हती, म्हणून इथे देते.

शिकवण आहे तरी काय

मृतांसाठीच्या या प्रार्थनेमागे शुद्धीस्थानाची शिकवण आहे. शुद्धीस्थान म्हटले की स्वर्ग आणि नरक यांच्या मधली तिसरी जागा डोळ्यांसमोर येते. फार चांगले नाहीत आणि फार वाईट नाहीत असे लोक तिथे पाठवायचे, पुढे त्यांचा निकाल काहीही लागू शकतो, अशी समजूत कॅथलिक घरांतही आढळते. ती चुकीची आहे.

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात परिच्छेद १०३० मध्ये ही शिकवण थोडक्यात दिली आहे. जो माणूस देवाच्या कृपेत आणि मैत्रीत मरतो, पण ज्याचे शुद्धीकरण अजून अपुरे आहे, त्याचे तारण पक्के झालेले असते. स्वर्गाच्या आनंदात शिरण्याआधी त्याचे उरलेले शुद्धीकरण होते. लगेच पुढच्या परिच्छेदात म्हटले आहे की नरकातल्यांच्या शिक्षेशी याचा काहीही संबंध नाही.

म्हणजे निकाल आधीच लागलेला आहे. मेल्यावर मत बदलायची दुसरी संधी नाही. 'माणसाला एकदाच मरणे आणि त्यानंतर न्याय' हे इब्री लोकांस पत्राच्या नवव्या अध्यायातले वचन कॅथलिकांनाही तितकेच मान्य आहे. शुद्धीस्थानातला प्रत्येक जण स्वर्गातच जातो. पोपसाठी मिस्सा करणाऱ्यांना त्यांच्या तारणाबद्दल शंका होती असे त्या मिस्सांवरून ठरत नाही.

आणि ज्वाळा? त्या बऱ्याचशा चित्रकारांनी रंगवल्या. १४३९ साली फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेत ग्रीक ख्रिस्ती मंडळींनी अग्नीच्या कल्पनेला हरकत घेतली, आणि परिषदेच्या ठरावात अग्नीचा उल्लेख आला नाही. डिसेंबर १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने ठाम अशा दोनच गोष्टी सांगितल्या: शुद्धीस्थान आहे, आणि तिथल्या आत्म्यांना आपल्या प्रार्थनेची, विशेषतः मिस्साबलिदानाची, मदत होते. त्याच ठरावात बिशपांना ताकीद आहे की सामान्य लोकांपुढच्या प्रवचनात या विषयातले अवघड आणि सूक्ष्म प्रश्न काढू नका, आणि कुतूहल, अंधश्रद्धा, पैशाची हाव यांना थारा देऊ नका. ही ताकीद नंतरच्या बऱ्याच प्रवचनकारांनी वाचली असती तर आज माझे काम हलके झाले असते.

तापवायचे कशाला?

प्रोटेस्टंट शिकवणीत दोन गोष्टी वेगळ्या धरतात. देव ख्रिस्तामुळे पापी माणसाला नीतिमान ठरवतो, ते एका क्षणात. मग तो माणूस हळूहळू खरोखर बदलत जातो, ते पवित्रीकरण, आणि ते आयुष्यभर चालते. ही वाटणी मी इथे जशीच्या तशी घेते, कारण माझा सगळा मुद्दा त्या दुसऱ्या गोष्टीवर उभा आहे.

समजा एक विश्वासू माणूस आहे. दर रविवारी उपासनेला जाणारा, प्रभूवर मनापासून भिस्त ठेवणारा. पण शेताच्या बांधावरून सख्ख्या भावाशी त्याचा वीस वर्षे अबोला आहे. राग वाईट हे त्याला कळते, त्याबद्दल तो क्षमाही मागतो, पण भावाचे नाव निघाले की चेहरा अजून कडू होतो. असाच तो एका रात्री झोपेत जातो. भाऊही विश्वासातलाच, तो आधीच वारलेला. आता हे दोघे देवाच्या मेजावर शेजारी बसणार. तो कडवटपणा घेऊन बसता येईल?

येणार नाही, हे दोन्ही पंथांना मान्य आहे. पवित्रतेशिवाय कोणालाही प्रभू दिसणार नाही, असे इब्री १२:१४ सांगते. त्या नगरीत अशुद्ध काहीही शिरणार नाही, असे प्रकटीकरण २१:२७ म्हणते. म्हणून १६४७ च्या वेस्टमिन्स्टर प्रश्नोत्तरीत, म्हणजे अस्सल प्रोटेस्टंट दस्तऐवजात, लिहिले आहे की विश्वासणाऱ्यांचे आत्मे मरणाच्या वेळी पवित्रतेत परिपूर्ण केले जातात आणि तत्काळ गौरवात जातात.

परिपूर्ण केले जातात. मरण आणि स्वर्ग यांच्यामध्ये काहीतरी घडते, हे त्या वाक्यातच आले. मग भांडण उरते ते तीन गोष्टींवर: ते तत्काळ होते की नाही, त्यात दुखते की नाही, आणि आपल्या प्रार्थनेचा त्याला उपयोग होतो की नाही.

दुखण्याचे आधी घेऊ. नाशिकच्या भांडी बाजाराची ओळख असलेल्यांना कल्हई सांगायला नको. पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली की त्यात ताक कळकते. मग पातेले कल्हईवाल्याकडे जाते. तो ते चिंचेने, वाळूने खसाखसा घासतो, भट्टीवर तापवतो, नवसागर टाकतो, धुराचा लोट उठतो, आणि तापल्या अंगावर कथील फिरवून कापसाच्या बोळ्याने पसरवतो. पातेले ठेवायचे की मोडीत काढायचे हे ठरवण्यासाठी भट्टी पेटवलेली नसते. ते आपल्या घरचे आहे, उद्या पंगतीला लागणार आहे, म्हणून तर तापवायचे. मोडीत जाणाऱ्या भांड्याला कोणी कल्हई लावत नाही.

देव हे चुटकीसरशी का करत नाही? करू शकतो, प्रश्नच नाही. पण आपण जिवंत असताना त्याने आपल्या इच्छेला वळसा घालून आपल्याला कधी पवित्र केले नाही. बांधावरचा राग सुटतो तो आपण केलेले नीट पाहिल्यावर, लाज वाटल्यावर, सोडून द्यायला तयार झाल्यावर. मरणानंतर देव एकाएकी वेगळी पद्धत वापरतो असे मानायला मला कारण दिसत नाही. ही सक्तीची सिद्धता नव्हे, हे मान्य. पण अँग्लिकन लेखक सी. एस. लुईस यांनाही शेवटी असेच वाटले होते आणि त्यांनी शुद्धीस्थानावर विश्वास असल्याचे उघड लिहिले, तेही कॅथलिक न होता.

"ख्रिस्ताचे रक्त पुरेसे नाही का?"

हा खरा आक्षेप. बाकीचे याच्यापुढे किरकोळ आहेत. येशूचे रक्त आपल्याला सर्व पापांपासून शुद्ध करते, असे योहानाच्या पहिल्या पत्रात आहे. वधस्तंभावर 'पूर्ण झाले आहे' असे प्रभू म्हणाला. मग राहिलेली बाकी माणसाने भट्टीत बसून फेडायची, ही वधस्तंभाची विटंबना झाली.

बाकी फेडण्याचाच हिशेब असता तर झाली असती. पण पातेले स्वतःला कल्हई लावत नाही. घासणारा, तापवणारा, कथील ओतणारा दुसराच असतो. शुद्धीस्थानातला आत्मा स्वतःचे तारण कमावत नाही. जे रक्त सर्व पापांपासून शुद्ध करते, तेच त्याला शुद्ध करत असते. त्या रक्ताला काहीतरी जोडायचे असते असे नाही, त्याचा परिणाम शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचायचा असतो.

इथे मी सासऱ्यांना उलट प्रश्न विचारते. देव ज्याच्यावर प्रीती करतो त्याला शिस्त लावतो, आपण त्याच्या पवित्रतेचे वाटेकरी व्हावे म्हणून, हे इब्री पत्राच्या बाराव्या अध्यायातच आहे. आजारपण, अपमान, नुकसान यांतून प्रभूने मला घडवले, अशा साक्षी प्रोटेस्टंट सभांमध्ये किती ऐकायला मिळतात! ख्रिस्ताचे रक्त पुरेसे असताना हे दुःख कशाला, असे तिथे कोणी विचारत नाही, आणि बरोबरच आहे. पवित्रीकरणातले दुःख मरणाच्या अलीकडे वधस्तंभाचा अपमान करत नसेल, तर पलीकडे का करेल?

कॅथलिक पुस्तकांत 'ऐहिक शिक्षा' अशी एक संज्ञा भेटते, तिचाही उलगडा इथेच करते. पापाची क्षमा झाली तरी पापाने मागे ठेवलेले परिणाम उरतात, त्यांना हे नाव आहे. दाविदाने पाप कबूल केले तेव्हा नाथान संदेष्ट्याने त्याला त्याच दमात दोन गोष्टी सांगितल्या: परमेश्वराने तुझे पाप दूर केले आहे, आणि तुझे मूल मरेल. क्षमा खरी होती, परिणामही खरा होता. जुनी कॅथलिक पुस्तके हे असे मांडत की जणू देव खतावणी उघडून बसला आहे. मला ती मांडणी कधीच आवडली नाही. आजचा धर्मशिक्षणग्रंथ परिच्छेद १४७२ मध्ये स्पष्ट सांगतो की ही शिक्षा म्हणजे देवाने बाहेरून उगवलेला सूड नव्हे, ती पापाच्या स्वभावातूनच येते. वीस वर्षे अबोला धरणाऱ्याचे मन आखडते. ते आखडलेपण हीच त्याची शिक्षा, आणि ते सरळ होताना दुखते.

"बायबलमध्ये दाखवा"

कॅथलिक लोक इथे पटापट पाच-सहा वचने फेकतात, त्यातली काही कच्ची असतात. 'या युगात किंवा येणाऱ्या युगात क्षमा होणार नाही' हे मत्तय १२:३२ घ्या. येणाऱ्या युगातही काही क्षमा असते, असा अर्थ त्यातून काढला जातो. पण मार्क त्याच प्रसंगी नुसते 'कधीही क्षमा नाही' अशा अर्थाचे लिहितो. या वचनावर मी घर बांधणार नाही.

करिंथकरांस पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय मात्र भक्कम आहे. पाया ख्रिस्त. त्यावर कोणी सोने, रुपे बांधतो, कोणी लाकूड, गवत. त्या दिवशी अग्नी प्रत्येकाच्या कामाची परीक्षा घेईल. ज्याचे काम जळेल त्याचा तोटा होईल, तरी तो स्वतः तारला जाईल, पण जणू अग्नीतून. प्रोटेस्टंट पाळक सांगतात की पौल इथे स्वतःबद्दल आणि अपुल्लोबद्दल, म्हणजे मंडळीच्या सेवकांबद्दल बोलतो आहे, आणि तो दिवस न्यायाचा आहे. दोन्ही बरोबर. तरीही एवढे उरतेच की तारण झालेल्या माणसाला मरणानंतर तोटा सोसावा लागू शकतो, काहीतरी जळू शकते, आणि तो त्यातून पार होऊन तारला जातो. मला एवढेच हवे आहे.

मृतांसाठी प्रार्थनेचा सरळ दाखला मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात, बाराव्या अध्यायात आहे. यहुदी सेनानी यहूदा मक्काबी याचे काही सैनिक लढाईत पडले. प्रेते उचलताना त्यांच्या अंगरख्यांखाली यामनियाच्या मूर्तींचे ताईत सापडले. यहूदाने वर्गणी जमवून सुमारे २००० द्राख्मा चांदी पापार्पणासाठी यरुशलेमला पाठवली, आणि सगळ्यांनी त्या मृतांसाठी प्रार्थना केली.

प्रोटेस्टंट बायबलात हा ग्रंथ नाही, हे मला ठाऊक आहे. ३९७ च्या कार्थेज परिषदेच्या पवित्र शास्त्राच्या यादीत तो आहे. प्रोटेस्टंट चळवळीचा प्रवर्तक मार्टिन लूथर याने १५३४ च्या आपल्या बायबलात तो वेगळ्या भागात घातला. तो वाद इथे सुटणारा नाही. पण ग्रंथ प्रेरित मानला नाही तरी इतिहास म्हणून तो सांगतोच की ख्रिस्ताच्या आधी यहुदी लोक मृतांसाठी प्रार्थना करत. परुश्यांच्या आणि शास्त्र्यांच्या कितीतरी प्रथांवर प्रभूने कोरडे ओढले, या प्रथेवर ओढल्याची नोंद नाही.

सुरुवातीची मंडळीही हेच करत होती. तिसऱ्या शतकाच्या आरंभी ख्रिस्ती लेखक तर्तुल्लियन मृतांच्या वर्षदिनी केलेल्या अर्पणांचा उल्लेख करतो. ३८७ साली मरणशय्येवर असलेल्या मोनिकाने मुलाला, म्हणजे संत ऑगस्टिनला, एवढेच सांगितले की माझा देह कुठेही पुरा, पण प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा. ऑगस्टिनवर लूथर आणि कॅल्विन या दोघांचीही भिस्त होती. लूथरच्या १५१७ च्या ९५ प्रबंधांत शुद्धीस्थान आहे असेच धरलेले आहे, त्याने ते उघडपणे नाकारले १५३० मध्ये. आणि १५३१ साली लूथरपंथीयांची बाजू मांडताना लूथरचा सहकारी मेलान्कथॉन याने लिहिले की मृतांसाठी प्राचीन लोक प्रार्थना करत आणि आम्ही तिला मनाई करत नाही. अँग्लिकन मंडळी जास्त कडक निघाली. त्यांच्या १५७१ च्या ३९ कलमांतले २२ वे कलम रोमची ही शिकवण म्हणजे व्यर्थ रचलेली खुळी कल्पना ठरवते. शरणपूरला मिशनऱ्यांबरोबर ते कलमही आले.

वधस्तंभावरच्या चोराचे काय? 'तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील.' उत्तम. प्रत्येकाला शुद्धीस्थानातून जावेच लागते असे कॅथलिक शिकवण म्हणतच नाही.

"हे तर श्राद्धच झाले"

हा आक्षेप रोममध्ये किंवा लूथरच्या विटेनबर्गमध्ये कुणी घेतला नसता. नाशिकमध्ये तो घेतला नाही तर नवल. रामकुंडावर अस्थी घेऊन लांबलांबचे लोक येतात, पितृपक्षात गोदाकाठ तर्पणासाठी गजबजतो. ख्रिस्ताकडे वळलेल्या पहिल्या पिढ्यांनी हे सगळे सोडले आणि त्याची किंमत मोजली. १८९५ साली नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्यांच्या घरात काय उलथापालथ झाली हे मराठी वाचकाला सांगायला नको. अशा घराण्यातल्या माणसाने मृतांसाठी विधी हे शब्द ऐकले की त्याच्या मनात जुने दार उघडते. त्याला हसण्यात अर्थ नाही.

तरीही फरक आहे. पिंड आणि तर्पण पितरांना उद्देशून असतात, मिस्सेतली प्रार्थना देवाला असते. मृताला काही खाऊ घालायचे नसते, त्याची तृप्ती किंवा अवकृपा यांचा प्रश्न येत नाही. मुलाने ती केलीच पाहिजे असा वंशाचा नियम नाही. निपुत्रिक, बेवारस, कुणालाही आठवत नसलेला मृत यामुळे अडकून पडत नाही, कारण प्रत्येक मिस्सेत मंडळी सगळ्याच मृतांसाठी प्रार्थना करते.

साम्य एकच उरते: गेलेल्या माणसावरची माया मरणापाशी थांबत नाही. ते साम्य पुसून टाकावे असे मला वाटत नाही. आईच्या ऑपरेशनसाठी प्रार्थना करणारा विश्वासणारा, तिचा श्वास थांबला त्या मिनिटापासून तिच्याबद्दल देवाशी बोलायचे नाही, असे मानतो तेव्हा मला ते जास्त कृत्रिम वाटते. आपण ख्रिस्ताच्या एकाच शरीराचे अवयव असू, तर मरणाने अवयव तुटतो का?

"आणि पैसे?"

इथे कॅथलिकांनी मान खाली घालायला हवी. इंडल्जन्स म्हणजे क्षमा झालेल्या पापाच्या ऐहिक शिक्षेतून मंडळीच्या प्रार्थनेने मिळणारी सूट. टेट्झेलसारख्या प्रचारकांनी तिचा बाजार मांडला आणि लूथर भडकला, तो योग्यच भडकला. ट्रेंटच्या परिषदेने १५६२ मध्ये इंडल्जन्ससाठी पैसे गोळा करणाऱ्यांचे पदच मोडीत काढले, आणि १५६७ मध्ये पोप पाचवे पायस यांनी पैशाशी जोडलेल्या सगळ्या इंडल्जन्स रद्द केल्या. उशीर झाला होता.

आज ती विकत मिळत नाही. पापनिवेदन, ख्रिस्तशरीराचा स्वीकार, पोपच्या हेतूसाठी प्रार्थना आणि पापाची ओढ मनातून सोडणे अशा अटी असतात. १ ते ८ नोव्हेंबरमध्ये कबरस्तानात जाऊन केलेली प्रार्थना त्यातलीच, फक्त मृतांसाठी. शेवटची अट वाचली की कळते, हे पैशापेक्षा महाग आहे.

मिस्सेसाठी दिले जाणारे अर्पण हा वेगळा विषय, पण शंका तिथेच जास्त येते. १९८३ च्या धर्मकायद्याचे कलम ९४७ सांगते की यात व्यापाराचा नुसता भासही होता कामा नये. गरिबांसाठी काही न घेता मिस्सा करावी, अशी शिफारस कलम ९४५ मध्ये आहे. नाताळचा दिवस सोडला तर दिवसाला कितीही मिस्सा केल्या तरी धर्मगुरूला एकाच मिस्सेचे अर्पण स्वतःकडे ठेवता येते. कुठे याच्या उलट चालत असेल तर बिशपांकडे तक्रार करावी.

"किती दिवस?"

जुन्या प्रार्थनापुस्तकांत '३०० दिवसांची सूट' असे छापलेले असते, आणि वाचणारा ते शुद्धीस्थानातले दिवस समजतो. ते दिवस प्राचीन मंडळीतल्या पृथ्वीवरच्या प्रायश्चित्ताचे माप होते. गैरसमज इतका पसरला की १९६७ मध्ये पोप सहावे पॉल यांनी दिवस-वर्षांची मोजणीच काढून टाकली. २००७ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी आशेवरच्या परिपत्रकात लिहिले की ख्रिस्ताशी समोरासमोर भेट हाच कदाचित तो जाळणारा आणि वाचवणारा अग्नी, आणि त्या भेटीचा काळ पृथ्वीच्या घड्याळाने मोजता येत नाही. मग 'तत्काळ' आणि 'कालांतराने' यातले भांडण बरेच पातळ होते.

पूर्ण मिटत नाही. मक्काबींचा ग्रंथ पवित्र शास्त्र आहे का, आणि हे ठरवण्याचा अधिकार कुणाचा, हे प्रश्न शिल्लक राहतात, आणि त्यांच्यावर सासरे आणि मी अजून दोन टोकांना आहोत.

"आमच्या माणसांसाठी चालते का?"

हा आक्षेप नव्हता, प्रश्न होता. माझ्या सासूबाई गेल्यावर तो घरात आला. चालते. धर्मकायद्याचे कलम ९०१ सांगते की धर्मगुरू जिवंत किंवा मृत, कोणाहीसाठी मिस्सा करू शकतो, माणूस कॅथलिक असलाच पाहिजे असे नाही. प्रोटेस्टंट सोयऱ्यांनी त्या मिस्सेला यायला हरकत नसते. ते ख्रिस्तशरीर स्वीकारत नाहीत एवढेच, आणि शुद्धीस्थानासाठीच्या प्रार्थनेला 'आमेन' म्हणायचे की गप्प बसायचे हे त्यांचे त्यांनी ठरवावे.